सॅक्सोफोनची जागा

सबनीसकाका गाडी लावतात, एसी चालू ठेवतात आणि गाणं संपेपर्यंत कुणाला दार उघडू देत नाहीत. त्यांची गाणी वीस-वीस मिनिटांची. एकदा तिकडे आखातात, एगैलाच्या मॉलपाशी, काकू कंटाळून उतरल्या आणि दूध-भाजी, कोळंबी घेऊन परत आल्या, तरी तेच गाणं चालू.

"अहो, कोळंबी शिजेल डिकीत!"

"शिजू दे. टकलूचा सोलो चाललाय."

टकलू म्हणजे एका जर्मन बँडचा ड्रमवाला. काका मूळ नाशिकचे, तिथल्या शुऐबा भागातल्या प्लांटमध्ये इंजिनिअर. तिथे कॉम्प्रेसर बसवायला आलेला एक जर्मन जाताना त्यांना या बँडची कॅसेट देऊन गेला. जाझ, रॉक आणि मध्येच पाय हलायला लावणारं फंक. काकांना जर्मन येत नाही, पण त्या पाच जणांची हकीकत त्यांना सख्ख्या चुलत्यांसारखी पाठ. शाळेच्या हॉलमध्ये सुरुवात झाली. नुसत्या जाझला कोणी येईना म्हणून फंक घेतलं. मग गायक रुसला. गिटारवाला 'सासरी गेला', म्हणजे बायकोच्या गावी बेकरी चालवायला. सॅक्सोफोनवाला शाळामास्तर झाला. रेकॉर्ड कंपनीने हात काढून घेतला, तेव्हा उरलेले लग्नात वाजवू लागले.

"म्हणजे बँड मोडला ना?" मी एकदा बिचकत विचारलं.

"मोडला नाही रे. कमी झाला." त्यांनी एका उतारवयातल्या मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. मध्येच बोट वर केलं. "आता ऐक."

मी कान दिले. खाली नुसती बेस गिटार चालली होती. "काका, काहीच नाहीये."

"बरोबर. ही सॅक्सोफोनची जागा. तो गेल्यावर त्यांनी ती कुणाला दिली नाही."

खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. मी मान हलवली.

काका स्वतः बेस गिटार वाजवतात, आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या वाद्यवृंदात. गणपतीत आरतीखालीही त्यांचं फंक सुरू होतं. "सबनीस, देव बसलाय, त्याला बसू द्या," असं अध्यक्ष दरवर्षी सांगतात. मी पेटी वाजवायचो. तिथे वादक टिकत नाहीत. कुणाची नोकरी संपते, कुणाला कॅनडा मिळतं. तबलजी गेला तेव्हा सगळे विमानतळावर गेले, काका नाही. "मी पोचवायला जात नाही," एवढंच म्हणाले. नंतर कितीतरी दिवस सरावात ते कुणाशी बोलत नव्हते.

म्हणून मला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला, तेव्हा आनंदाइतकीच धास्ती वाटली. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. बाबा काकांच्याच प्लांटमध्ये वेल्डर होते, आता सुपरवायझर आहेत. त्यांनी साऱ्या बिल्डिंगला पेढे वाटले. काकांकडे द्यायचा डबा मात्र माझ्या हातात दिला. "तूच सांग त्यांना. मला नाही जमायचं."

काका खाली गाडीतच होते. मी शेजारी बसलो आणि गाणं संपायची वाट पाहू लागलो. काकांनी डब्याकडे पाहिलं. मग गाणं बंद केलं. अर्ध्यावर!

"कुठे? पुणे?"

"हो काका. पुढच्या आठवड्यात."

त्यांनी वायपर फिरवून काचेवरची धूळ काढली.

"पेटी सामानात टाकू नकोस. विमानतळावर आपटतात लेकाचे." मग डबा उघडून एक पेढा घेतला. "मी पोचवायला येत नाही."

"माहीत आहे, काका."

आलेच नाहीत.

यंदा गणपतीनंतर त्यांनी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी ते ऐकलं. पेटीवर आता एक नवी मुलगी आहे. छान वाजवते. मला जरा वाईटच वाटलं. शेवटच्या गाण्यात दुसरं कडवं संपलं. इथे मी एकटा वाजवायचो. पेटी थांबली. खाली नुसती काकांची बेस गिटार चालत राहिली.

मागून अध्यक्षांचा आवाज आला, "अहो सबनीस, पेटी कुठे गेली?"

"पुण्याला," काका म्हणाले आणि वाजवत राहिले.