वेण्यांची टक्केवारी

"नुसती टोकं तर कापायचीत! त्याला पार्लर कशाला? मी आहे ना घरात!" असं म्हणून टक्केरावांनी कात्री हवेत दोनदा वाजवली, आणि बायकोनं लेकीच्या लांब केसांकडे एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

टक्केराव हे नाव तिनंच ठेवलेलं. आकडेवारीच्या कचेरीत नोकरी करणारा हा माणूस घरीही आकड्यांतच बोलायचा. "आज चहात साखर आठ टक्के कमी पडलीय बरं का!" सात वर्षांची लेक एका जागी म्हणून टिकायची नाही, म्हणून ती भिंगरी. झोपली की मात्र अशी गोड दिसायची, की तिच्या उशाशी बसलेले टक्केरावसुद्धा आकडे विसरायचे.

उद्या वर्गाचा फोटो होता. पहिल्या रांगेत भिंगरी आणि शेजारची मनी, दोघी खेटून बसणार होत्या. दोघींच्या दोन-दोन वेण्या, दोघींच्या लाल रिबिनी. एकदम सेम टू सेम! तशी गळ्याला हात लावून शप्पथच झाली होती. त्यासाठी भिंगरीनं वर्षभर गुंता सोडवून घेताना घर दणाणून सोडलं होतं, पण केस काही कापू दिले नव्हते. आता फोटोसाठी नुसती टोकं सारखी करायची, एवढंच तिनं कबूल केलं होतं.

"जरासेच काप हं," दवाखान्यात ड्युटीवर निघालेली बायको दारातून म्हणाली.

"जरासे म्हणजे किती टक्के?"

"बोटभर रे!"

"कुणाचं बोट?"

तिनं हात जोडले आणि ती गेली.

टक्केरावांनी दहा टक्के ठरवले. केसांच्या दोन शेपट्या बांधल्या, पट्टी लावली. दोन्ही तीस-तीस सेंटिमीटर.

"तिसाचे दहा टक्के किती?"

"तीन!"

"शाब्बास माझी वाघीण!" कच! उजवी झाली सत्तावीस. आता डावी...

"बाबा, कबूतर!" भिंगरी खिडकीकडे गर्रकन वळली. कच्च!

दोघंही जमिनीवर पडलेल्या केसांकडे बघत राहिले.

"बाबा, हेपण तीनच आहेत?"

टक्केरावांनी डावी मोजली. अठरा! त्यांनी घसा खाकरला. "काही बिघडलं नाही. उजवी नऊनं मोठी आहे. अठराचे पन्नास टक्के नऊ. म्हणजे उजवी पन्नास टक्के मोठी. मग उजवीचे पन्नास टक्के उडवायचे. झाल्या सारख्या!"

"त्यापेक्षा दोन्ही शेजारी धरून कापा ना. आई तसंच करते."

"त्याला अंदाज म्हणतात, बाळा. हे शास्त्र आहे!"

कच्च! उजवी साडेतेरावर आली. आता डावीच मोठी!

"असं कसं झालं?" टक्केरावांनी पट्टी उलटी करून पाहिली, पुसून पाहिली. "हां, आता डावी तेहतीस टक्के मोठी. मग डावीचे तेहतीस टक्के..."

कच्च! परत उजवी मोठी! सी-सॉच्या फळीसारखा प्रकार. एक खाली गेली की दुसरी वर! टक्के मोजायचे छोट्या शेपटीचे आणि कापायचे मोठीचे, हा आपलाच घोळ ध्यानात आला, तोवर भिंगरीच्या डोक्यावर दाढीचे दोन ब्रश उभे होते.

"बाबा, वेण्या येतील ना?" तिनं अगदी हळू विचारलं.

जन्मात पहिल्यांदा टक्केरावांकडे आकडा नव्हता. "नाही गं राणी."

मग जो भोंगा वाजला! "मनी काय म्हणेल? आमचं सेम टू सेम होतं!" रडतरडतच तिनं मनीला फोन लावला. पलीकडची किंकाळी टक्केरावांनाही ऐकू आली.

बायको परतली तेव्हा बापलेक केसांच्या ढिगात बसून एकमेकांचे डोळे पुसत होते. ती रागवायला म्हणून पुढे झाली आणि हसतच खाली बसली. रबरं सोडून तिनं दोन्हीकडचे केस शेजारी धरले, हनुवटीशी सरळ कापले. दोन मिनिटांत काम फत्ते! भिंगरीनं आरशात मान हलवून पाहिली. केस छत्रीसारखे फिरले.

"मस्तंय!" ती म्हणाली आणि लगेच ओठ काढला. "पण मनी?"

बायको केर भरायला सुपली आणायला आत गेली, तोच बेल वाजली. टक्केरावांनी दार उघडलं. दारात मनी. गळ्यात टॉवेल. डावीकडचे केस कानापर्यंत, उजवीकडचे खांद्यापर्यंत! मागे तिचे बाबा, हातात कात्री.

"भिंगरीसारखेच पाहिजेत म्हणून हिनं घर डोक्यावर घेतलं, भाऊ. मीच बसलो कापायला आणि झाला घोटाळा. म्हटलं, तुमचं गणित पक्कं! डावीकडे दहा सेंटिमीटर आहेत, उजवीकडे वीस. म्हणजे उजवी बाजू शंभर टक्के मोठी. तर उजवीकडचे किती टक्के कापू?"

टक्केरावांनी तोंड उघडलं. भिंगरीनं झेप घेऊन मनीच्या डोक्यावर दोन्ही हात गच्च दाबले आणि ती किंचाळली,

"आई, लवकर ये! बाबा शंभर म्हणणारेत!"

टक्केराव खरं तर आता पन्नास म्हणणार होते. पण ऐकतंय कोण!