हिवरवाडीच्या निंबातला डबा

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला संपतने निंबाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा हाताला मुंगळे सोडून काहीच लागले नाही. त्याने हात बाहेर काढला, झटकला आणि पुन्हा घातला. डबा नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी त्याने स्वतः तो तिथे ठेवला होता. दोन्ही बाजूंना कड्या लागणारा स्टीलचा डबा, आत एक वही आणि एक पेन्सिल. बस.

संपत जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्लॉट सुपरवायझर होता. वाटूरच्या आसपासच्या दहा-बारा गावांतले कापसाचे बीजोत्पादन त्याच्याकडे होते. दोन प्लॉटमधले अंतर मोजण्यासाठी कंपनीने २००५ साली त्याला हातात मावेल असे जीपीएसचे यंत्र दिले. त्याची माहिती शोधत तो नेटकॅफेत जाऊन बसला आणि तिथेच त्याला जिओकॅशिंगचा नाद लागला. खेळ साधा होता. एकाने कुठेतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. बाकीच्यांनी यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तिथेच परत ठेवायचा आणि घरी जायचे.

"डबा घरी आणायचा न्हाई, तर मंग जायचं कशाला?" त्याच्या बायकोने, पुष्पाने विचारले होते. संपत त्यावर अजून विचार करत होता.

मराठवाड्यात असे नादिष्ट एकंदर पाच. त्यांचे म्होरके औरंगाबादचे गुलाम नबी सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांचे नव्व्याण्णव डबे शोधून झाले होते आणि सोमवारी त्यांचा फोन आला होता. "संपतराव, जालना जिल्ह्यातला पहिला डबा तुमचा. सेंच्युरी त्याच्यावरच करायची, बिलकुल पक्कं! इतवारी सकाळी दहाला येतो. आम्ही चौघं हौत."

आणि आता डबाच नव्हता. एवढ्या लांबून आलेल्या सरांना मुंगळे दाखवायचे? वेबसाइटवर बभ्रा झाला आणि तो कंपनीच्या कानावर गेला, तर कंपनीचे यंत्र रविवारी कुठे कुठे हिंडते याची चौकशी होणार. तो तडक हिवरवाडीतल्या आपल्या एका प्लॉटवाल्या शेतकऱ्याकडे, मच्छिंद्रकडे निघाला. निंब मच्छिंद्रच्या बांधावर होता आणि डबा त्याच्यादेखत ठेवला होता.

"मच्छिंद्रभाऊ, डबा कुठंय?"

"हाय की. बराबर जागेवर हाय."

"जागेवर न्हाई. आत्ताच पाहून आलो."

"ती जागा न्हाई हो. माझ्या हिरीपाशी ठिवलाय." मच्छिंद्रने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "निंब सामायिक बांधावर हाय. अर्धा माझा, अर्धा कारभारीचा. उद्या तिथं टॉवर झाला तर भांडणं न्हाई का व्हायची?"

"टॉवर? कशाचा टॉवर?"

मच्छिंद्र नुसता हसला.

संपतला तीन आठवड्यांपूर्वीची दुपार आठवली. निंबाखाली उभे राहून, यंत्र आभाळाकडे धरून तो आनंदाने ओरडला होता, "इथं सिग्नल फुल हाय!" वर मच्छिंद्रला सांगितले होते की, पुण्या-मुंबईचे लोक मशीन घेऊन ही जागा हुडकत येतील, डब्याला हात लावू नका. हिवरवाडीत तेव्हा अकरा मोबाइल होते आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळायची. अशा गावात याचा अर्थ एकच होत होता, मोबाइलचा टॉवर येणार आणि डबा ज्याच्या जमिनीत त्याला भाडे मिळणार.

"टॉवर-बिवर काही न्हाई. तो खेळ हाय," संपत कळवळून म्हणाला.

"बराबर. माझ्या मेव्हण्याच्या गावात बी साहेब आधी न्हाईच म्हणत होता."

दोघे विहिरीपाशी गेले. डबा तिथेही नव्हता. मच्छिंद्रचा चेहरा पडला आणि तो दात चावून म्हणाला, "कारभारी!"

कारभारी हा मच्छिंद्रचा चुलतभाऊ. त्याने काही लपवले नाही. संपतला बाजेवर बसवून चहा पाजला आणि शांतपणे सांगितले, "नेल्ता म्या. गोठ्यामागं ठिवल्ता. पण चोरी न्हाई हां, रीतसर वहीत सही करून. तुम्हीच लिवलंय ना, डबा सापडेल त्यानं नाव लिवावं?"

"त्याच्या खाली लिहिलंय, डबा परत त्याच जागी ठेवावा!"

"ते लई बारीक अक्षरात व्हतं," कारभारी म्हणाला.

गोठ्यामागूनही डबा गेलेला होता. तिथून तातेरावाच्या उसात, उसातून देवळामागच्या पडक्या खोलीत, खोलीतून आणखी कुठे. संपत दारोदार फिरला. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येकाने आपल्या जमिनीचे गुण सांगितले आणि प्रत्येकाने सही केल्याची कबुली दिली. डबा मात्र कोणाकडेच नव्हता. संपत ज्याला त्याला हात जोडून सांगत होता, "काहीही करा, पण रविवारी दहाच्या आत डबा द्या. औरंगाबादहून साहेब लोक येऊन राह्यलेत." हे आपण काय बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले, तोवर सातवा चहा झाला होता आणि बातमी वाटूरच्या फाट्यापर्यंत पोचली होती.

शनिवारी दुपारी डब्याचा पत्ता लागला. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळावर गोजरबाईचे घर होते. ती एकटी राहायची. डबा तिच्या पत्र्याच्या पेटीत होता, पेटीला कुलूप होते आणि किल्ली तिच्या कमरेच्या पिशवीत.

"डबा हाय," ती म्हणाली. "पण देत न्हाई. टॉवर उंचावर लागतो. गावात माझ्याइतकं उंच कोणाचं घर हाय का, सांगा."

"मावशी, शपथ घेऊन सांगतो, टॉवर येत न्हाई."

गोजरबाईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिने कोनाड्यातून एक मोबाइल काढला. तो रुमालात गुंडाळलेला होता. "पोरगं सुरतेला हाय. साड्याच्या कारखान्यात. त्यानं हे घिऊन देलं. पण टाकीवर चढल्याबिगर आवाज येत न्हाई, अन् माझे गुडघे दहाव्या पायरीवरच बसतेत. मंग वर कोणीतरी चढतं. म्या खालून वरडते, वरचा फोनात सांगतो, पोरगं बोललं की वरचा खाली वरडतो. सून गरवार हाय, हे साऱ्या गावानं माझ्यासंगंच ऐकलं." तिने रुमाल पुन्हा गुंडाळला. "मला एकदा त्याच्यासंगं हळू आवाजात बोलायचंय."

संपत रिकाम्या हाताने घरी आला.

"तसलाच दुसरा डबा ठेवा की," पुष्पा म्हणाली. "वही नवी, पेन्सिल नवी. कोणाला काय कळतं?"

"सरांचा शंभरावा डबा खोटा? मला झोप लागल का?"

"आता लागून राह्यली का?"

हे खरे होते. तिने डाळीचा डबा रिकामा करून धुऊन दिला आणि रविवारी सकाळी आठला तो पिशवीत घालून संपत मोटारसायकलवर निघाला. कोणी पाहायच्या आत ढोलीत ठेवून मोकळे व्हायचे, एवढाच बेत होता.

निंबाखाली साठ-सत्तर माणसे बसली होती. सडा घातला होता, रांगोळी होती, शाळेतून चार खुर्च्या आणल्या होत्या. तातेराव नारळ आणि हार घेऊन उभा होता. हलगीवाला हलगी शेकत होता. सगळ्यांनी उठून संपतला रामराम घातला. संपतने पिशवी मोटारसायकलच्या हँडललाच राहू दिली. तासभर तो एका खुर्चीच्या कडेवर बसून रस्त्याकडे बघत राहिला. जीप पंक्चर व्हावी असे त्याने एकदा मनात आणले आणि लगेच स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली.

जीप दहाला पाच कमी असताना आली. हलगी कडाडली. डोक्यावर टोपी आणि हातात यंत्र घेतलेले गुलाम नबी सर खाली उतरले आणि गर्दी बघून थबकले. "संपतराव, इतकी पब्लिक?"

"गावाला हौस हाय, सर," संपत कसाबसा म्हणाला.

सर खूश झाले. यंत्राकडे बघत ते चालू लागले. "बारा मीटर... सात मीटर..." गाव त्यांच्यामागून श्वास रोखून एकेक पाऊल टाकत होते. यंत्र सरळ निंबाकडे निघाले तसा मच्छिंद्र कपाळाला हात लावून पुटपुटला, "आरं, मशीनला जागा ठाऊक हाय! डबा हलवून काय उपेग?" सरांनी ढोलीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मनगटावर चार मुंगळे होते.

"संपतराव, डबा कहाँ है?"

तेवढ्यात कारभारीने पुढे होऊन सरांच्या गळ्यात हार घातला आणि विचारले, "साहेब, टॉवर किती फुटाचा राह्यल?"

"कोणता टॉवर?"

सगळ्या माना संपतकडे वळल्या. आता कुठे लपायलाही जागा नव्हती. त्याने मान खाली घालून सरांना सगळे सांगितले, अगदी डाळीच्या डब्यापर्यंत. सरांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी तातेरावाच्या हातातला नारळ घेतला, कुंकवाने त्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आणि साठ-सत्तर माणसांना अक्षांश, रेखांश, आभाळातले उपग्रह आणि डब्याचा खेळ असे सगळे पाऊण तास शिकवले. पस्तीस वर्षांची सवय होती. कोणी जागचे हलले नाही.

तास संपला. संपत मोटारसायकल किती पावलांवर आहे ते मोजू लागला.

"म्हंजे," कारभारी सावकाश म्हणाला, "तुम्ही औरंगाबादहून जीप करून हा डबा हुडकायला आलात?"

"हौ."

"अन् सापडला की?"

"वहीत सही करायची."

"अन् मंग?"

"परत ठेवायचा."

गाव बराच वेळ सरांकडे बघत राहिले. लोकांच्या तोंडावरचा राग उतरत गेला आणि त्या जागी काळजी दिसू लागली. मच्छिंद्रने जवळ जाऊन हळूच विचारले, "साहेब, घरी ठीक हाय ना सगळं?"

गर्दीतून वाट काढत गोजरबाई पुढे आली. पदराखालून तिने डबा काढला आणि सरांपुढे धरला. "घ्या बाबा. उन्हाचं हुडकत नका हिंडू. मला ठाऊक असतं की तुमचा जीव एवढा याच्यात हाय, तर कवाच देला असता."

सरांनी दोन्ही हात मागे घेतले. "नाही अम्मा. असा हातात घेतला तर मोजता येत नाही. मला तो शोधायला पाहिजे. तुम्ही ठेवा, मी बघत नाही." आणि ते निंबाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्याबरोबरचे तिघेही वळले. मग तातेराव वळला, कारभारी वळला, हलगीवाला वळला आणि बघता बघता सगळी हिवरवाडी निंबाकडे पाठ करून उभी राहिली. गोजरबाईचे गुडघे दुखत असल्याने तिला डबा ठेवायला बराच वेळ लागला. शेवटी तिने हाक दिली, "ठिवला! आता हुडका!"

सरांना डबा मिळायला अर्धे मिनिट लागले. हलगी पुन्हा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मच्छिंद्रने नारळ फोडला. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी वही उघडली आणि ते थांबले.

वहीत चौदा नावे होती. 'कारभारी, गट नंबर ११८, जागा सपाट, वाद नाही.' 'तातेराव, पाण्याची सोय आहे.' शेवटचे नाव कोणाकडून तरी लिहून घेतलेले होते. 'गोजरबाई, जागा उंच, मुलगा सुरतेला.' त्यापुढे अंगठा होता.

"तीन हफ्त्यात चौदा!" सर म्हणाले. "मराठवाड्यात आम्ही पाचच जण समजत होतो." आणि त्यांनी पंधराव्या ओळीवर सही केली, त्याखाली बाकीच्या तिघांनी.

संपतची सुटका झाली होती. ती तीन महिने टिकली.

मार्चमध्ये प्लॉट बघायला गेला तेव्हा मच्छिंद्रने हसत हसत सांगितले, "परवा एक जण आल्ता. गळ्यात पट्टा, हातात मशीन. म्हणे मोबाइल कंपनीचा हाय, टॉवरला जागा पाहून राह्यलो. म्या म्हणलं, साहेब, आता आमाला नका शिकवू. डबा त्या निंबात हाय, सही करा अन् जावा घरी. बाकीच्यायनी बी तेच सांगितलं. बिचारा लई गोंधळला. पण सही करून गेला."

संपतने धावत जाऊन वही काढली. एकोणिसाव्या ओळीवर नाव होते, हुद्दा होता, कंपनीचे नाव होते. सगळे खरे.

टॉवर शेजारच्या गावाच्या हद्दीत, पलीकडच्या टेकडीवर उभा राहिला. तो रस्त्यावरून दिसायचा. तो नजरेला पडू नये म्हणून संपत दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. हिवरवाडीला तो दीड महिना फिरकलाच नाही. कधी ताप आला, कधी मोटारसायकल बिघडली. शेवटी मॅनेजरने दम भरला, तेव्हा पुष्पाला "उशीर झाला तर कोणाला तरी पाठव" असे सांगून तो निघाला.

मच्छिंद्रच्या शेतात कोणी नव्हते. कारभारीच्या गोठ्यातही कोणी नव्हते. गाव ओस. घाबरत घाबरत संपत माळावर चढला, तर गोजरबाईच्या अंगणात बारा-तेरा माणसे रांगेत उभी. गावठाण खोलात असल्याने नव्या टॉवरची रेंज साऱ्या हिवरवाडीत एकाच जागी येत होती, ती गोजरबाईच्या बाजेवर. त्या बाजेवर मांडी घालून गोजरबाई बसली होती आणि फोन कानाला लावून इतक्या हळू बोलत होती की रांगेतल्या पहिल्या माणसालाही शब्द ऐकू येत नव्हता. पहिला माणूस कारभारी होता.

"काकी, आटपा की जल्दी," कारभारी म्हणाला. "माझं अर्जंट हाय."

गोजरबाईने फोनवर तळहात ठेवला. "थांब जरा. नातू हुंकार देऊन राह्यला." मग तिची नजर संपतवर गेली आणि तिने भुवया उंचावल्या. "तुमाला बी बोलायचंय का? मंग हुभा ऱ्हावा लायनीत. मच्छिंद्राच्या मागं."

संपतने एक मोठा श्वास सोडला आणि तो मच्छिंद्रच्या मागे जाऊन उभा राहिला.