मिर्कोचं गोड बोलणं

मिर्को बाबिचला कुणाचं मन मोडणं जमत नसे, आणि तरीही त्याने नव्या व्हिडिओ गेमवर मतं देण्याचा उद्योग पत्करला होता. आठवडाभर तो ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या खाणगावात ओपल रत्नांच्या दुकानात बसे. शनिवारी दुपारी मात्र जमिनीखालच्या आपल्या घरात कॅमेरा लावून इंटरनेटवर थेट बोलायला लागे. गेम कसलाही असो, मिर्को म्हणणार, "छान आहे. रंग छान आहेत." ऐकणारे मोजकेच, बहुतेक गावातलेच. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली असताना माणसाने घरात बसून दुसरं करायचं तरी काय?

त्या शनिवारी मात्र सगळं गाव ऐकणार होतं. शेजारच्या डेसची भाची टॅमसिन ॲडलेडला असे, तिने आपला पहिला गेम बाजारात आणला होता : 'कोबीवाल्याचा सूड'. वर डेसने 'सॉल्टबुश' नावाच्या नव्या इंटरनेट सेवेची एजन्सी घेतली होती आणि डिशची पहिली तबकडी मिर्कोच्याच घराच्या वर, जमिनीबाहेर आलेल्या हवेच्या नळीला बांधली होती.

"गेमबद्दल चार शब्द, इंटरनेटबद्दल चार शब्द," डेस म्हणाला. "पोरीने डोळे फोडून घेतलेत त्या गेमपायी. आणि माझं हे चाललं नाही, तर या गुडघ्यांनिशी पुन्हा खाणीत उतरावं लागेल मला."

"काळजी सोड, डेस. माझ्या तोंडून कधी वाईट शब्द गेलाय?"

"नाही ना गेला, त्याचीच काळजी वाटते," आतून मिर्कोची बायको नोएलीन म्हणाली.

कार्यक्रम सुरू झाला. गेममध्ये मिर्कोला डोक्यावर कोबीची टोपली घेऊन भुतांना चुकवत दलदल ओलांडायची होती. तो विहिरीत पडला. वर आला, पुन्हा पडला. "विहीर छान आहे," तो म्हणाला. परत पडला. "पाण्याचा रंग बघा काय सुरेख!" घामाघूम होऊन त्याने विषय बदलला. "आणि मंडळी, हे सॉल्टबुशचं इंटरनेट! कसं लोण्यासारखं सरकतंय, कुठे म्हणून अडकत–"

चित्र अडकलं. पडद्यावर मिर्कोचाच चेहरा, एक डोळा मिटलेला, तोंड उघडं. त्याने हात हलवला, पडद्यावरचा हलेना. टेबलावर थापा मारून झाल्या. चेहरा तसाच.

नोएलीन चहा घेऊन आली. "काय झालं?"

"बंद पडलं. सुटलो!" मिर्को खुर्चीत मागे रेलला आणि वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "कोबी, नोएलीन! मगापासून कोबी वाहतोय मी! त्या पोरीचं माणसांशी काय वैर आहे? त्या विहिरीत तिलाच एकदा सोडलं पाहिजे, टोपलीसकट!"

"हळू बोल. डेसला कळलं तर?"

"डेस? डेसने ती तबकडी दोरीने बांधलीय. दोरीने! वारा आला की गाढवाच्या कानासारखी हलते. आणि आपले श्रोते! भर दुपारी माझी बडबड ऐकत बसतात, त्यांना काही घरदार आहे की नाही?"

फोन वाजला. टपाल कचेरीतली ऑर्ला होती.

"मला घरदार आहे, मिर्को," ती थंडपणे म्हणाली. "चित्र हलत नाहीये तुझं. आवाज मात्र खणखणीत येतोय. टॅमसिनही ऐकतेय."

मिर्को खुर्चीतून ताडकन उठला. बटण कुठलं, वायर कुठली, काही सुचेना. भिंतीतून वर गेलेली जी वायर हाताला लागली ती त्याने सगळा जीव एकवटून ओढली. वर खडखडाट झाला, मग काहीतरी धाडकन पडलं, मग कुणीतरी ओरडलं.

थोड्या वेळाने डेस दारात उभा राहिला. काखेत चेपलेली तबकडी, कपाळावर टेंगूळ; चित्र अडकल्यावर तो वर ती नीट करायला गेला होता. तबकडी चहाच्या कपाशेजारी ठेवून तो निघून गेला.

मिर्कोचं जेवणावरचं मन उडालं. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो टेबलाखाली काहीतरी शोधू लागे. टॅमसिनला फोन लावायचा आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून द्यायचा. "डेस पुन्हा खाणीत उतरणार, माझ्यामुळे," तो भिंतीला सांगत राही. शेवटी नोएलीननेच त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "जा. पाया पड, मार खा, पण एकदाचं मिटव."

डेसच्या घरात डेस फोनवर होता. "हो हो, तीच सेवा! चित्र मेलं, पण शिवी एक अडली नाही, ऐकलंत ना?" त्याने मिर्कोला बसायची खूण केली. "सारखे फोन चालू आहेत. तुझी ती शिवीगाळ पार पर्थपर्यंत पोचलीय. टॅमसिनचा गेम लोक मुद्दाम विहिरीत पडायला घेतायत."

"म्हणजे तू रागावला नाहीस?"

"दोरीचं बोललास ते लागलं. आता बोल्ट लावतो."

"पण डेस, मी छानच म्हणणार होतो रे. शपथ!"

"म्हणाला असतास तर मेलो असतो," डेस प्रेमाने म्हणाला. "तू आजवर ज्याला ज्याला छान म्हणालास, त्यातला एक तरी गेम कुणी घेतला का?"

माफी मिळूनही मिर्को आला होता त्याहून खचून घरी परतला.

पुढच्या शनिवारी तो कॅमेऱ्यावर चादर टाकत होता, तेवढ्यात बेकरीवाला पँटेलिस आत शिरला. हातात पालक-चीज भरलेल्या 'पाय' या खाऱ्या पेस्ट्रीचा गरम ट्रे.

"काढ ती चादर," तो म्हणाला. "हा खा, आणि मला मनापासून शिव्या घाल. माझ्या आईपर्यंत जा, चालेल. महामार्गावरच्या नव्या दुकानाने गिऱ्हाईक पळवलंय रे माझं. आता तुझ्या तोंडावरच सगळं आहे."

चादर निघाली. पलीकडे ऐकायला अख्खं गाव जमलं होतं, शिवाय पर्थ. मिर्कोने मन घट्ट केलं, चेहरा वाकडा केला आणि मोठा घास घेतला.

पापुद्रे कुरकुरीत होते, मीठ नेमकं होतं, चीज जिभेवर विरघळत होतं. इतका चांगला 'पाय' त्याने जन्मात खाल्ला नव्हता.

"बोल ना!" कॅमेऱ्याबाहेरून पँटेलिस काकुळतीला येऊन कुजबुजला.

मिर्कोचे डोळे भरून आले. त्याने घाईघाईने दुसरा तुकडा उचलून तोंडात कोंबला आणि लगेच तिसरा. तोंड भरलेलं असेपर्यंत तरी कुणी त्याला बोलायला लावू शकत नव्हतं.