पाणी ऐकणारे बावतीसकाका

बावतीसकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वसईतल्या पापडी गावच्या रस्त्याकडेला पालथे पडलेले होते. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, डोक्यावरची टोपी काढून शेजारी नीट ठेवलेली आणि गाल मातीला लावलेला. मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला फीट आली. मी धावत गेलो आणि पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली.

त्यांनी डोळे उघडले. चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक हात वर करून शांतपणे म्हणाले, "गप उभा ऱ्हा. पानी बोलतंय."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अशी. नंतर कळलं, की ते माझे शेजारीच. आमच्या भाड्याच्या घराच्या आणि त्यांच्या घराच्या मधे फक्त एक केळीची रांग होती. मुंबईच्या गोदीत त्यांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं होतं आणि आता ते गावी येऊन राहिले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाच्या घरात त्यांची एक खोली होती.

त्या काळी वसईत सगळे विहिरीचंच पाणी पीत. ज्यांना जमलं त्यांनी विहिरीवर इंजिन बसवून वर चुन्याची टाकी बांधली होती आणि टाकीतून घरापर्यंत जमिनीखालून लोखंडी पाईप नेला होता. हा पाईप कधी फुटायचा ते कळायचं, कुठे फुटला ते कळायचं नाही. मग बावतीसकाकांना बोलावणं जाई. ते येत, टोपी काढून ठेवत, जमिनीवर आडवे होत आणि हात वर करत. तो हात वर असेपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. एकदा त्यांनी रस्त्यातली बैलगाडी थांबवली होती. एकदा तर शेजारच्या लग्नघरातला बँड बंद करायला लावला, आणि वरात उन्हात ताटकळत उभी राहिली. पण पाच-दहा मिनिटांनी उठून ते टाचेने खूण करत, आणि तिथेच पाईप फुटलेला निघे.

पाईपांबद्दल ते माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "लोखंडी पाईप म्हंजे सासू," ते म्हणत. "आवाज करील, पन घर सोडनार नाय. शिशाचा पाईप म्हंजे जावय. दिसतो नरम, वाकवलात की गेला."

बोलायचे मात्र तेच. दुसऱ्याला मधे शिरायला ते जागा देत नसत. आपण "काका, तब्येत कशी आहे?" म्हणावं, तर ते "पाऊन इंची" असं म्हणून पुढे चालू लागत. गावात बहुतेकांचं मत होतं, की गोदीत साहेबांबरोबर राहून म्हातारा गर्विष्ठ झालाय. माझ्या आईचं मत तर फारच वाईट होतं. ती माझ्या बायकोच्या, मालतीच्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. पहिल्याच दिवशी तिने कुंपणापाशी उभं राहून त्यांना पाठमोरं बघून हाक मारली, चांगली चार वेळा. ते केळीची सुकलेली पानं काढत राहिले. तेव्हापासून आई त्यांना "तो लाटसाहेब" म्हणे.

आमची मुलगी तीन आठवड्यांची होती तेव्हाची गोष्ट. एके सकाळी मोरीतल्या नळाला करंगळीएवढी धार आली, आणि दुपारपर्यंत तीही गेली. बाळंतिणीचं घर, रोज दोन वेळा अंघोळीचं कढत पाणी, वर दुपट्यांचा ढीग. विहीर वाडीच्या पार टोकाला होती. मी शाळेला जाण्याआधी वीस कळश्या आणायचो. त्या संपल्या की आई उठायची. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर मालती, ओली बाळंतीण, कळशी घेऊन विहिरीकडून येताना दिसली. आईची कंबर धरली होती. मालती दारात कळशी ठेवून भिंतीला टेकून बसली.

घरमालक आगाशीला राहत. त्यांचा निरोप आला, की आठ दिवसांनी माणसं पाठवून सगळा पाईप उकरू. आठ दिवस थांबणं शक्यच नव्हतं. मी केळीची रांग ओलांडून बावतीसकाकांकडे गेलो.

ते शनिवारी आले. माझी शाळा सकाळची होती, त्यामुळे मी घरी होतो. घरमालकांच्या वाडीतला गडी दाजी कुदळ घेऊन उभा होता. शेवग्याच्या झाडाखाली जमीन ओली झाली होती. दाजी म्हणाला तिथेच खणू. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. टोपी काढली, अंगणाच्या वरच्या बाजूला, ठणठणीत कोरड्या जागी आडवे झाले आणि हात वर केला.

आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. एवढ्यात चर्चची बाराची घंटा सुरू झाली. चर्च जवळच, त्यामुळे घंटा कानाशी वाजल्यासारखी वाजे. काका फार भाविक होते. दुपारची घंटा झाली की हातातलं काम टाकून, टोपी काढून ते उभे राहत आणि प्रार्थना म्हणत. हे मी बऱ्याचदा पाहिलं होतं. गावात लोक उभे राहिले, की तेही उभे राहत. आज मात्र ते हलले नाहीत. घंटेने आमची मुलगी दचकून उठली आणि तिने टाहो फोडला. घंटा थांबली, तरी मुलगी थांबेना. काकांचा हात तसाच वर. मग ते उठले, गालावरची माती झाडली आणि समाधानाने म्हणाले, "कशी शांतता व्हती. बारा वाजायला किती वेळ हाय, मास्तर?"

दाजी गालात हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी त्याला पाणी आणायच्या निमित्ताने विहिरीकडे पिटाळलं. मग काकांच्या समोर उभं राहून, तोंड त्यांच्याकडे करून सावकाश म्हणालो, "काका, बारा आत्ताच वाजले."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी उचलली. घातली नाही, हातातच धरून उभे राहिले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. संपल्यावर क्रूसाची खूण केली आणि हळू आवाजात बोलले.

"बॉयलरच्या खोलीत तीस वरसं. डावा कान तिथंच गेला. उजवा गेला त्याला आता चार वरसं झाली. गावात सांगू नका, मास्तर. बहिऱ्याला पानी ऐकायला कोन बोलावनार?"

"मग तुम्हाला जागा कळते कशी?" मी विचारलं.

त्यांनी गालावरून हात फिरवला. "कान गेला, गाल हाय. पानी धावतं तिथं माती थरथरते. जरा गार लागते."

आता निवाडा मला करायचा होता. एका बाजूला ओली जमीन, जी कुणालाही दिसत होती. दुसऱ्या बाजूला बहिऱ्या माणसाचा गाल. दाजी परत आला आणि शेवग्याकडे निघाला. मी त्याला हाक मारून कोरड्या जागेवर उभं केलं.

दोन हात खणलं, काही नाही. आई ओसरीवरून ऐकू जाईल अशा बेताने लाटसाहेबाबद्दल बोलत होती. अडीच हातांवर पाईप लागला. दाजी घाम पुसायला बाहेर आला, तसे काका स्वतः खड्ड्यात उतरले आणि हाताने माती काढू लागले. पाणी उसळलं आणि पाईपाच्या कडेकडेने उताराला, शेवग्याकडे धावलं. पाईपाच्या पाठीवर बोटभर लांब चीर होती, आणि चिरेच्या टोकाशी खोल, ताजी खोक.

त्यांनी वर पाहिलं. खड्ड्याच्या काठालाच दुपट्यांच्या दोरीचा खांब होता. मुलगी जन्मली त्या आठवड्यात मी स्वतः पहारेने खोल भोक पाडून तो रोवला होता. पहार कशावर तरी ठणकन आपटली होती. मी दगड समजून आणखी चार घाव घातले होते.

माझे कान तापले. घरमालकांना हे कळलं, तर बाळंतिणीसकट बिऱ्हाड हलवायची पाळी आली असती. एवढ्यात दाजी खड्ड्यात डोकावला. काकांनी त्या खोकेवर चिखलाचा गोळा थापला आणि म्हणाले, "जुना पाईप. गंजलाय. मालकांना सांग, गंज खातो तेव्हा आवाज नाय करत."

टाकीचं तोंड बंद करून त्यांनी चिरेवर सांधे बुजवायचा सफेदा फासला, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, वरून लोखंडी पट्टी घालून बोल्ट आवळले. तिन्हीसांजेला नळाला मनगटाएवढी धार आली. मालतीने मोरीत हात धरून ती धार नुसती अंगावर उडवून घेतली.

सांधा धरला की नाही, हे बघायला काका दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. पंधरा दिवस झाले, खड्डा बुजून त्यावर गवत आलं, तरी ते रोज संध्याकाळी यायचे, टाचेने जमीन दाबायचे आणि "धरलाय" म्हणून ओसरीच्या पायरीवर बसायचे. त्यांच्या भावाच्या घरी रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसतात, हसतात, हे मला केळीतून दिसे. काका त्यांच्या आधीच जेवून खोलीत जात. इतके ओठ एकदम वाचायचे कसे, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं.

मी कुणाला काही बोललो नव्हतो, मालतीलाही नाही. पण एका संध्याकाळी आई पाट घेऊन बाहेर आली आणि पायरीच्या खाली, काकांच्या अगदी समोर बसली. उजेड आपल्या तोंडावर पडेल, असा तिने पाट सरकवला. मग ती आगाशीच्या आपल्या चुलतबहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगू लागली. त्यात बासुंदी नासली होती आणि व्याही रुसून विहिरीच्या काठावर जाऊन बसला होता. गोष्ट आम्ही दहादा ऐकली होती. एरवी आई ती भरभर सांगे. आज शब्द न् शब्द सावकाश, दळताना मूठ मूठ दाणे घालावेत तसा.

काकांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. मालतीने ठेवलेला चहा तसाच निवत राहिला. व्याही काठावरून उठायला तयार होईना, तिथे आई मुलीला मांडीवर घ्यायला म्हणून थांबली आणि तिने मान वळवली.

काका थोडे पुढे सरकले. आई पुन्हा आपल्याकडे बघेपर्यंत थांबले.

"मग?" त्यांनी विचारलं. "मग काय झालं?"