बेरील प्रतिसाद देत नाही

"डेस, उद्या पडद्यावर नको असलेलं एक अक्षर जरी उमटलं ना, तर तुमचा तो खडूचा फळा मी माझ्या हाताने पुन्हा भिंतीवर टांगीन!"

केरिन हे छाती पुढे काढून बोलली. छातीला झोळीत आठ महिन्यांचा ओटिस बांधलेला असल्यामुळे ती तशीही पुढेच होती.

डेस म्हणजे पोर्ट ॲल्डरच्या लॉन बोल्स क्लबचे अध्यक्ष. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अंतिम सामना नीट पार पडू दे, पोरी. क्लबची सगळी यंत्रं सांभाळायचं काम तुझं. नाहीतर फळा आहेच. फळा कधी बंद पडत नाही."

ओटिस झाल्यापासून केरिनला मिळू घातलेलं हे पहिलंच काम. दुपारी तो झोपला की हळूच हात सोडवून घ्यायचा, आणि तो जागा होईपर्यंत कळफलक बडवायचा, अशा चोरलेल्या वेळात तिने हे सगळं उभं केलं होतं. लोकांनी टाकून दिलेली दोन जुनी यंत्रं उचलून आणली, त्यांवर फुकटातली लिनक्स ही संगणकप्रणाली चढवली. एक यंत्र हॉलमध्ये, मोठ्या पडद्यामागे. दुसरं स्वयंपाकघरातल्या फळीवर. क्लबचे सगळे फोटो नि गुण या दुसऱ्याच्या पोटात, आणि पहिलं ते तिथून मागून घेऊन दाखवणार. यंत्रांना नावं द्यावी लागतात. स्वयंपाकघरात बसणारं, म्हातारं, पण क्लबातली एकेक गोष्ट लक्षात ठेवणारं यंत्र! केरिनने क्षणभरही विचार न करता टाइप केलं : 'बेरील'.

कारण खऱ्या बेरील अगदी तशाच होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. क्लबातला चहा आणि सोबत क्रीम-जॅम लावून खायचे गोडसर पाव, म्हणजे स्कोन, त्यांच्या हातचे. कुणाच्या चहात किती साखर, हे त्याच्या बायकोपेक्षा त्यांना जास्त ठाऊक!

शनिवारी शेजारच्या गावचा संघ आला. पांढरेशुभ्र कपडे, पांढऱ्या टोप्या. हिरवळीवर चेंडू घरंगळत होते, हॉलमध्ये पडद्यावर गुण झळकत होते, मधूनमधून जुने फोटो येत होते. केरिन पडद्याशेजारी अशी उभी होती, की जणू पडदा तिनेच विणलाय.

चहाच्या सुट्टीत सगळे आत आले. पडद्यावर बेरीलचा फोटो आला, हातात जिंकलेली ढाल, चेहऱ्यावर हसू. आणि तिथेच अडकला. मग बेरीलच्या कपाळावरून, नाकावरून, ढालीवरून पांढरी अक्षरं धावली :

'सर्व्हर बेरील प्रतिसाद देत नाही. प्रयत्न चालू आहेत.'

आता, क्लबात सगळ्यांना चहा 'सर्व्ह' करणारी बेरील एकच!

हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी दचकले असते लोक. त्यांची मैत्रीण नोरा उठून स्वयंपाकघराकडे धावली, डोकावली, आणि किंचाळली, "एप्रन खुंटीला आहे! बेरील नाही! दवाखान्यात नेलं तिला!"

केरिन मात्र हसली. हसणारच! तिच्या लेखी ही यंत्राची बडबड होती. ही यंत्रं मनातलं सगळं बोलून दाखवतात; त्यांना आधी गप्प केलं नाही, तर लग्नाच्या फोटोत मधेच डोकं घालणाऱ्या मामासारखी चित्रावरच बोलत सुटतात. गप्प करायचं केरिन विसरली होती, एवढंच.

"काही नाही हो, घाबरू नका!" ती म्हणाली. "बेरील मधूनमधून अशी पडते. मागच्या आठवड्यातही पडली होती."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?" डेस पांढरेफटक!

"सांगायचं काय त्यात? बटण दाबलं की उठते. मी घरी नेऊन उघडूनसुद्धा बघितली. आत नुसती धूळ!"

नोरा मटकन खुर्चीत बसली.

"जुनीच आहे ना ती," केरिन समजुतीच्या सुरात म्हणाली. "आज ना उद्या टाकूनच द्यायची. हिच्या जागी नवीन आणू की!"

"माणुसकी म्हणून काही आहे का नाही तुला?" पाहुण्यांचा कप्तान गरजला.

याला यंत्रांचा फारच लळा दिसतो, असं वाटून केरिनने फार लक्ष दिलं नाही. ओटिस झोळीतून हात काढून कळफलक चाटायला बघत होता. त्याच्या टाळूवर ओठ टेकवून तिने एका हाताने चित्र नव्याने रंगवायची कळ दाबली. अक्षरं साफ! पडद्यावर उरली फक्त हसरी, शांत बेरील.

"झालं," केरिन समाधानाने म्हणाली.

हॉलभर टोप्या उतरल्या. कुणीतरी हुंदका दिला. डेस छातीवर टोपी धरून उभे राहिले. एवढ्यात क्लबातला नेव्ह छातीला झटका देण्याचं यंत्र घेऊन धापा टाकत आला, आणि ते कुणाला लावायचं हे न कळून थेट पडद्याकडेच धावला.

तेवढ्यात पुन्हा अक्षरं उमटली : 'प्रयत्न चालू आहेत.'

"चालू आहेत! चालू आहेत!" टाळ्यांचा कडकडाट! पाहुण्यांचा कप्तान ओरडला, "हार मानू नकोस, बेरील!"

तेव्हा कुठे केरिनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा लोकांच्या हातातल्या टोप्यांकडे. 'टाकून द्यायची' म्हणालो आपण! कानाच्या पाळ्या तापल्या. पण या गदारोळात बोलून कोण ऐकणार? ओटिसला घट्ट धरून ती स्वयंपाकघरात धावली. फळीवरचं यंत्र निपचित. त्याची वायर लोंबत होती, आणि त्याच्या जागी ऐटीत खोचलेली होती चहाच्या बंबाची वायर! केरिनने बंब उपटला, यंत्र जोडलं. जुनं यंत्र कण्हत, कुंथत उठायला लागलं. इतका वेळ? ऊठ ग बाई, ऊठ!

हॉलमध्ये सगळे श्वास रोखून उभे होते. आणि पडद्यावर आलं :

'सर्व्हर बेरील ठीक आहे.'

त्याच क्षणी दारातून बेरील आत आल्या, हातात क्रीमचं भांडं घेऊन. क्रीम कमी पडलं म्हणून समोरच्या आपल्या घरी गेल्या होत्या, बस्स!

जो काही जल्लोष झाला! दोन्ही संघ एकमेकांच्या गळ्यात पडले. कप्तानाने बेरीलना उचलायचंच बाकी ठेवलं. नोरा रडत रडत त्यांचे गाल चाचपत होती.

"अगं हो, हो! क्रीमच आणलंय, एवढं काय त्यात?" बेरील म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात डोकावून त्यांचा आवाज चढला. "माझा बंब कुणी काढला? मघाशी ती कसली घुर्र करणारी पेटी काढून मोठ्या मुश्किलीने जागा केली होती मी!"

केरिनने सगळं सांगितलं, मान खाली घालून. आधी डेसची मिशी थरथरायला लागली, मग पोट, मग अख्खा हॉल हसू लागला. बेरील सगळ्यात जास्त! "आत नुसती धूळ काय ग? थांब, बघते तुला!"

"काम तुझं," डोळे पुसत डेस म्हणाले. "असली चहाची सुट्टी या क्लबात कधी झाली नाही. पण ते नाव बदल. जिवंत माणसाचं नाव नको!"

केरिनने तिथल्या तिथे एक ओळ टाइप करून यंत्राची बडबड बंद केली. नावही बदललं. भिंतीवर फेट्याएवढ्या मिशांचे संस्थापक विल्फ्रेड टांगलेले होते. त्यांना जाऊन नव्वद वर्षं झाली. विल्फ्रेडने प्रतिसाद दिला नाही तर कुणाचं काय बिघडणार? "आता काळजीच नको!" केरिन म्हणाली, आणि मजेत घरी गेली.

एकच बारीकशी गोष्ट राहिली. यंत्र बंद करून चालू केलं, की ती एक ओळ ते विसरतं. पुढच्या शनिवारी डेसनी नेहमीच्या वेळी पडदा सुरू केला, आणि बेरीलनी नेहमीच्या वेळी बंब.

'सर्व्हर विल्फ्रेड प्रतिसाद देत नाही. प्रयत्न चालू आहेत.'

कुणी मानही वर केली नाही. "नव्वद वर्षांनीसुद्धा चालू आहेत," स्कोनला जॅम लावत नेव्ह म्हणाला. "चिकाटी म्हणतात ती ही!"

केरिन विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेली, वायर बदलली, आणि ओटिसला कडेवर घेऊन बाहेर आली. बघते तर हॉल चिडीचूप. नेव्हच्या हातातला स्कोन जॅमच्या बाजूने जमिनीवर. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या फोटोवर, आणि मग हळूहळू, एकत्रच, दाराकडे.

पडद्यावर लिहिलं होतं : 'सर्व्हर विल्फ्रेड ठीक आहे.'

केरिन कोपऱ्यातला खडूचा फळा शोधायला लागली.