सासूबाईंचा मदतनीस

जंगल बघायला जायचं, हे अपूर्णरावांनी एका रविवारी सकाळी दाढी करताना ठरवलं. गालाला साबण होता, आरशात दुसरं कोणी नव्हतं, आणि समोर विरोध करायला माणूस नसला की ते भराभर निर्णय घेत. (आरशातल्या गृहस्थानेही जरा विचार करूनच मान डोलावली.)

त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं होतं. पण पाणीपुरवठा खात्यात, नव्या नळजोडणीच्या खिडकीमागे सत्तावीस वर्षं बसून त्यांनी लोकांचे इतके अर्ज लाल शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत केले होते की ऑफिसात सगळे त्यांना अपूर्णरावच म्हणत. घरी ते नाव बायकोने आणलं. एकदा ती विसरलेला डबा द्यायला गेली, रांगेतल्या कुणीतरी दातओठ खात ते नाव उच्चारलेलं तिने ऐकलं, आणि रस्ताभर हसत घरी आली. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. नाव मात्र घरात राहिलं होतं.

मागे उरली होती तीन माणसं. एक स्वतः अपूर्णराव. दुसऱ्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे अधू, जीभ शाबूत. तिसरी मुलगी, जिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि शंभर दिवसांनी जी जाणार होती. दीड वर्षात ही तिघं मिळून कुठेही गेली नव्हती. जेवायला एकत्र बसत, पण वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी. ज्याची त्याची गाडी वेगळी.

“आपण तिघं पार्कला जाऊ या,” अपूर्णराव नाश्त्याला म्हणाले.

“कोपऱ्यावरच्या?” मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली. “तिथले झोपाळे तुटलेत, बाबा.”

“तो नाही. मोठा. राष्ट्रीय उद्यान! अस्वलं असतात तो.”

“अस्वल बघायला एवढ्या लांब कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी तुम्ही उठून चष्मा शोधत फिरता तेव्हा दिसतंच की मला.”

“आई, तिथे तळं आहे. हरणं पाण्यावर येतात. तिलाही फार...” अपूर्णराव थांबले.

मग मुलीने फोन पालथा ठेवला. “कधी जायचं?” ती म्हणाली.

आता हे उद्यान साधंसुधं नव्हतं. आठवडाभर गाडी फिरवली तरी दुसरं टोक येत नाही म्हणत, आणि तिथे जाऊन आलेला माणूस शहरात शोधावा लागे. आत सोडायचे ते मोजक्याच लोकांना. बुकिंग बरोब्बर नव्वद दिवस आधी, सकाळी दहाला उघडायचं आणि दहा वाजून चार मिनिटांनी संपायचं. शेजारचे निवृत्त मास्तर तीन वर्षं प्रयत्न करून शेवटी जंगलाचं कॅलेंडर विकत घेऊन गप्प बसले होते.

अपूर्णरावांनी युद्धपातळीवर तयारी केली. मुलीच्या हातात घड्याळ देऊन आठ दिवस रंगीत तालीम घेतली. पहिल्याच दिवशी घरचा फोन नंबर टाकल्यावर वेबसाइट म्हणाली, या नंबरचं खातं आधीच आहे. खातं बायकोने तीन वर्षांपूर्वी उघडलं होतं. आत एक जतन केलेली यादी होती. तिला तिने नाव दिलं होतं, ‘जंगल, यंदा नक्की’. खाली लिहिलं होतं, पर्यटक : ३.

अपूर्णराव ती ओळ बराच वेळ बघत बसले. तिने सगळं करून ठेवलं होतं. पर्यटक तीन. आपणही तीनच. त्यांनी बुकिंगसाठी तीच यादी निवडली, पण ती उघडून बघायचं काही त्यांच्याने झालं नाही. (ज्या माणसाने घरक्रमांकातला एक आकडा पुसट आहे म्हणून एका आजोबांना तीनदा परत पाठवलं होतं, त्या माणसाने.)

बुकिंगच्या दिवशी तिघं कॉम्प्युटरभोवती बसली.

“नऊ एकोणसाठ,” मुलगी म्हणाली. “बाबा, बोट ठेवा. अजून दाबू नका. दाबू नका! दाबा!”

“दाबलं!”

“मग परत का दाबताय?”

“खात्री करून घेतोय!”

“अहो जावईबापू, लिफ्टचं बटण आहे का ते?”

पडद्यावर एक गोल फिरायला लागला. तिघांनीही श्वास रोखला. गोल थांबला आणि हिरव्या अक्षरांत आलं, ‘अभिनंदन! आपल्या तीन जागा निश्चित झाल्या आहेत.’ मुलीने टाळी मागितली. अपूर्णरावांनी ती इतक्या जोरात दिली की चहा सांडला, आणि कोणी रागावलं नाही. छापलेला कागद हातात घेऊन ते खुर्चीमागे उभे राहिले आणि ऑफिसच्या आवाजात वाचू लागले.

“पर्यटक क्रमांक एक...”

आणि तिथेच थांबले.

“वाचा की,” सासूबाई म्हणाल्या. “मी कितवी?”

“दोन.”

“मग पहिलं कोण?”

मुलीने कागद त्यांच्या हातातून घेतला. “पहिली आई,” ती हळूच म्हणाली. “दोन नंबर आजी. तीन मी. बाबा, यात तुम्ही नाहीच.”

तेव्हा अपूर्णरावांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी बायको म्हणाली होती, “अहो, यंदा नक्की जाऊ या.” आणि वर्तमानपत्र खाली न करता ते म्हणाले होते, “तुम्ही तिघी जाऊन या. माझी वर्षअखेर आहे.” तिने वाद घातला नव्हता. सांगितलं तसं भरलं होतं. अर्ज अगदी पूर्ण होता, एकही रकाना रिकामा नव्हता.

“काही बिघडलं नाही,” अपूर्णराव घाईघाईने म्हणाले. “तुम्ही दोघी जाऊन या.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. “परत तेच, बाबा?”

“तसं नाही गं, पण...”

“मग मीही नाही जात.”

“आणि मी काय एकटी अस्वलाशी गप्पा मारत बसू?” सासूबाई म्हणाल्या. “तेही नाही.”

चार मिनिटांत मिळालेलं जंगल पाचव्या मिनिटाला गेलं होतं. त्यानंतरच्या सगळ्या तारखांना मुलगी नोकरीवर असणार होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अपूर्णराव उद्यानाच्या शहरातल्या बुकिंग ऑफिसात गेले. खिडकीमागे चष्मा लावलेल्या बाई होत्या. समोर रबरी शिक्के उंचीप्रमाणे लावलेले. अपूर्णरावांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

“एक नाव बदलायचं होतं,” ते बुकिंगचा कागद पुढे सरकवत म्हणाले.

“मूळ पर्यटकाची सही लागेल.”

“मूळ पर्यटक हयात नाही.”

“मग तसा दाखला.”

अपूर्णरावांनी दाखला दिला. तीन प्रती, तिन्ही साक्षांकित. बाईंनी तिन्ही वाचल्या.

“दाखला बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आता सही?”

अगदी असेच प्रश्न अपूर्णरावांनी याच सुरात हजारो लोकांना विचारले होते. ती माणसं खिडकीतून मागे सरताना कशी दिसत असतील, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता; त्यांच्या बाजूने नुसता पुढचा माणूस दिसायचा.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “मी स्वतः खिडकीवालाच आहे.”

“मग तुम्हाला कळतच असेल.”

कळत होतं. तीच तर पंचाईत होती. त्यांनी प्रती गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि वळले.

“काका, थांबा.” बाईंनी आवाज खाली आणला. “यात एक पर्यटक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत ना? पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एक मदतनीस नेता येतो. गाडीत मागे घडीची सीट असते. अर्ज मात्र आजींनीच करायचा, आणि उद्या दुपारच्या आत. त्या सीटही भरतात.” मग चष्म्यावरून त्यांना आपादमस्तक न्याहाळत त्या म्हणाल्या, “गरज पडली तर आजींना उचलता येतं ना तुम्हाला?”

“येतं,” अपूर्णराव म्हणाले. पुरावा न जोडता केलेलं त्यांचं नोकरीतलं आणि नोकरीबाहेरचं हे पहिलंच विधान.

पण सवय सुटत नाही. पुरावा हवाच म्हणून त्यांनी संध्याकाळी घरी प्रात्यक्षिक ठेवलं.

“लग्नात तुम्ही माझ्या मुलीचा हात तेवढा मागितला होता,” सासूबाई म्हणाल्या. “सबंध मला उचलायचं काही बोलणं झालं नव्हतं.”

“आई, फक्त वीतभर. वर आणि खाली.”

“टाकलंत तर?”

“टाकणार नाही.”

“कपाट हलवतानाही हेच म्हणाला होतात.”

मुलगी मोजायला उभी राहिली. अपूर्णराव वाकले, सासूबाईंच्या पाठीमागून एक हात घातला, गुडघ्यांखालून दुसरा घातला. “एक,” मुलगी म्हणाली, “दोन...” आणि खोलीत कट् असा आवाज झाला.

“आजी! गुडघा वाजला का?”

“छे,” सासूबाई खुर्चीत जागच्या जागी बसून म्हणाल्या. “आवाज वरून आला.”

अपूर्णराव काटकोनात उभे होते. सत्तावीस वर्षं नळ देऊन शेवटी माणूसच नळासारखा झाला होता. वर होता येईना, खाली बसता येईना. सासूबाई उठल्या, गुडघ्यांवर हात देत, कुरकुरत, पण उठल्या, आणि त्यांनी जावयाला दंडाला धरून खुर्चीकडे चालवत नेलं.

“सावकाश. आता उजवा पाय. उजवा म्हणजे दुसरा.”

मुलगी आधी घाबरली. मग तिने तोंडावर हात दाबला. मग ती फरशीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसणं थांबेना. ते बघून सासूबाई हसायला लागल्या. शेजारचे मास्तर काय झालं म्हणून दारात आले आणि काही न कळताच हसले. अपूर्णरावांना हसलं की कंबरेतून कळ यायची, म्हणून ते नुसते खुर्चीचे हात धरून बसून राहिले आणि तो आवाज ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला तिघं खिडकीसमोर हजर झाली. अपूर्णरावांच्या कंबरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता, हातात सासूबाईंची काठी होती, आणि त्यांचा कोपर सासूबाईंनी घट्ट धरला होता. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“यातला पर्यटक कोण, आणि मदतनीस?”

“मी पर्यटक,” सासूबाई म्हणाल्या. “हा माझा मदतनीस. घेऊन आले याला.”

“आजी, हे तुम्हाला उचलू शकतात?”

“नाही. काल करून बघितलं.”

अपूर्णरावांनी डोळे मिटले.

“मग यांची मदत काय होणार तुम्हाला?”

“बाई,” सासूबाई म्हणाल्या, “ही माझी नात. दीड वर्षाने काल पहिल्यांदा खळखळून हसली, ती हे वाकले म्हणून. एवढी मदत मला पुष्कळ झाली.”

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली. “‘उचलू शकतो, किंवा हात धरून चालवू शकतो’,” त्या म्हणाल्या. “हात धरलेला आहे?”

“धरलाय,” तिघंही एकदम म्हणाली.

“कोणी कोणाचा, हे फॉर्मवर विचारलेलं नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळ्यात उंच शिक्का उचलून हाणला. “आता ही पहिल्या पर्यटकाची सीट. रद्द करू?”

अपूर्णरावांनी मुलीकडे पाहिलं.

“नको,” मुलगी म्हणाली. “राहू दे.”

“मी तिच्या सीटवर पाय पसरीन,” सासूबाई म्हणाल्या. “लहानपणी माझ्या मांडीवर काय कमी पाय ठेवलेत तिने?”

परतताना मुलगी तळ्यावरच्या हरणांबद्दल वाटभर बोलत होती. दुर्बीण कोणाकडून मागायची, पहाटे किती वाजता निघायचं, आजीची पिशवी कोण धरणार. अपूर्णराव एरवी तीनदा वाचल्याशिवाय कागद खिशात घालत नसत. पण आज एका हातात काठी होती आणि दुसरा सासूबाईंच्या ताब्यात होता. शेवटी घरी पोचल्यावर त्यांनी परवाना हात लांब करून डोळ्यांसमोर धरला. सगळे रकाने भरलेले होते. सगळ्यात खाली, ‘वाहनचालकासाठी सूचना’ या रकान्यात, सासूबाईंनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं :

‘मदतनीस एक. आधी याला चढवावं.’