पायाळू नाना आणि ज्यूंचं सोनं

आमचे शेजारी धोंडीनाना नवख्या माणसाला आधी तळपाय दाखवतात, मग नाव सांगतात. नाना पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, अशी आमच्या चारठाणा गावात पक्की समजूत. त्यात गावभर जुनी देवळं. नांगराला दगड लागला की शेतकरी थेट नानांच्या ओट्यावर. मग नाना डोळ्यांत काजळ घालून शेतात जायचे आणि म्हणायचे, "हाय. लय खोल हाय." आजवर निघालं काय, तर एक फुटका रांजण आणि उखळ. तरी नानांचा रुबाब कलेक्टरचा.

एकदा मी त्यांना मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. जेरुसलेमला उत्खननात ज्यू लोकांचं प्राचीन सोनं सापडलं होतं. नाणी, दागिने आणि सात फांद्यांची समई कोरलेलं मोठं पदक.

"त्यांच्यात पायाळू कोण व्हतं?" नानांनी विचारलं.

"कुणीच नाही. शिकलेली माणसं. हळूहळू माती काढत गेली."

"आसं कसं? काजळ तरी घातलं आसंल की!"

मला हसू आवरेना. नाना मात्र आपलेच तळपाय न्याहाळत बसले.

बातमी गावात पसरली. "नाना, ज्यूंचा नंबर लागला, आपला कवा?" असं लोक जाता-येता चिडवू लागले. तेवढ्यात कुणीतरी जिंतूरहून धातू शोधायचं मशीन आणलं आणि नानांचा ओटा ओस पडला. नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून ओट्यावर येणारी माणसं हीच नानांची सोबत. सोनं निघो न निघो, घटकाभर गप्पा तर व्हायच्या.

काल नाना आपणहून आमच्या दारात आले.

"ते सोनं पुरणारं माणूस मागारी आलंच न्हाई का?"

"नसावं, नाना. लढाई चालू होती म्हणतात."

"मंग घरी कुणीतरी वाट बगतच ऱ्हायलं आसंल," म्हणत त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

ही बातमी मी किती जणांना सांगितली असेल. हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"नाना, आमच्या परसात जरा बघता का?"

नाना ताठ झाले. परसभर फिरले, पेरूच्या झाडाखाली थांबले, खाली बसून मातीवर हात ठेवला.

"एका दिवसात उमगायचं न्हाई," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "रोज येऊन बगावं लागंल."

"या की," आतून बायको म्हणाली. "चारच्या चहाला येत जा."